मानेतला खुंटा

पण आप्पा, तुम्हाला गप पडून राहायला काय झालं होतं? शेळीला पाला काढता काढता लिंबाच्या झाडावरून पडलात. पडलेला माणूस पडून राहतो. तुम्ही उठून बसलात. आईला म्हणालात, शेळी सुटली का बघ. पाणी मागितलंत. आणि वर स्वतःच्या तोंडानं तात्यांना हाक मारलीत, "मान आखडलीय रे, एक झटका दे." भाऊ धाकटा, सांगाल ते ऐकणारा. त्याला कशाला सांगितलंत? इतकी वर्षं हे मी कुणाशी बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. गाव म्हणतं झाडावरून पडून गेला, आई तेच म्हणते, मीही दिल्लीत कुणी विचारलं तर तेच सांगत होतो. आता ते तसं नव्हतं हे मला कळलंय, आणि तात्यांना सांगायचं का नाही यावर माझं डोकं पिकायची वेळ आली होती. त्यांच्याशी भांडावं तर ते म्हातारे झाले. म्हणून तुमच्याशी भांडतोय.

तुम्ही ओट्यावर बसलाय. दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलंय, काठोकाठ भरलेली घागर धरावी तसं, एक हात हनुवटीखाली, एक मागं. मला ते बघून हसू येतंय. मी एवढासा, शाळेला दांडी मारून घरी. तुम्ही म्हणता, "हात काढला की डोकं कुठंतरी जातंय रे." तात्या म्हणतात, "दादा, जाऊन जाऊन जाणार कुठं? दिल्लीला?" सगळे हसतात, आईसुद्धा. तात्या मागं उभे राहून तुमचे हात बाजूला करतात आणि तिथं आपले हात लावतात. "सोड. ढिली सोड," म्हणतात. तुम्ही हजामतीला बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचात तेच, त्याच चालीत. तुम्ही मान सोडता. तात्या म्हणतात, "बोल काही तरी." तुम्ही माझ्याकडं बघून म्हणता, "पोराला..." आणि तेवढ्यात तात्या झटका देतात.

आवाज आला नाही. मी वाट बघत होतो, आता येईल म्हणून. तुम्ही कुणाची मान मोडली की तो कट्ट आवाज पार चावडीपर्यंत जायचा. त्या दिवशी काहीच नाही. तुमचे डोळे माझ्यावर होते, ते तसेच राहिले. तात्या तुमचं डोकं धरून उभेच होते, त्यांनाही कळत नव्हतं आता हात काढायचे कसे. पोराला काय, आप्पा? पाणी द्या? आत न्या? शाळेत पाठवा? आई म्हणते, तुला शिकवायचं होतं त्यांना. आजी म्हणायची, पोराला बघू देऊ नका असं म्हणत असेल. मी कधी हे धरतो, कधी ते.

तुमची ती कला होती, हे सगळे कबूल करतात. बाजाराच्या दिवशी झाडाखाली खुर्ची मांडायचात आणि नुसती मान मोडून घ्यायला माणसं थांबायची, दाढी दुसरीकडं केलेली असली तरी. डावा तळवा हनुवटीखाली, उजवा हात डोक्याच्या मागं. मग हळूहळू डोलवायचं, सोडा, ढिली सोडा, करत. गिऱ्हाईक सोडत नसलं तर विचारायचात, "म्हैस किती देते हो?" आणि तो दुधाचा हिशेब सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच कट्ट. म्हणायचात, "गेला वात." माणूस डोळे मिटून हसायचा. मला एकदा जवळ ओढून खुर्चीत बसवलं होतंत, मी मान ताठ धरून ठेवली, सोडलीच नाही. तुम्ही टपली मारून म्हणालात, "हे आपल्या बापावर पण विसंबत नाही." ते मला फार लागलं होतं. आता वाटतं, त्या वेळी घरात अक्कल एकट्या माझ्या मानेला होती.

तुम्ही गेल्यावर दुकान तात्यांनी चालवलं आणि मलाही वाढवलं. शाळा माझी कधी सुटली ते कुणाला कळलं नाही, मला तर नाहीच. कातरी त्यांनी शिकवली, वस्तरा शिकवला, फुग्यावर साबण लावून दाढी करायला लावली. झटका मात्र शिकवला नाही. विचारलं की म्हणायचे, ते आपलं काम नाही. मला वाटायचं जळतात. माणसं अजून तुमची आठवण काढायची ना, आप्पांसारखा हात नाही म्हणून. एकदा दुकानात एका पोराची मान मी नुसती हातात घेतली, अगदी तुमच्यासारखी, तर तात्यांनी दाढी अर्धी टाकून येऊन भर गिऱ्हाइकांत माझ्या थोबाडीत दिली. तोंडावर साबणाचा फेस उठला. परत जाऊन उरलेली दाढी करायला लागले. मी त्याच आठवड्यात गावातल्या एका फौजीबरोबर निघालो. तो इथं दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये होता, म्हणाला, पलटणीत न्हाव्याचं काम मिळवून देतो. तिथं वर्षभर नुसती मशीन फिरवली, सगळी डोकी सारखी. कंटाळलो. मग मुनिरका नावाच्या वस्तीत या सलूनमध्ये आलो.

इथं गल्ली एवढी अरुंद आहे की समोरच्या खोलीतला पोरगा आमच्या आरशात दाढी करून घेईल. ऊन खाली येत नाही, वर वायरींतच अडकतं. गिऱ्हाईक सगळं विद्यार्थ्यांचं, रात्रंदिवस पुस्तकात मान घातलेलं, त्यामुळे झटक्याला मागणी. मालक उत्तर प्रदेशचा, मला मराठा म्हणून हाक मारतो. "मराठे, भाईसाहब की गर्दन देख ले ज़रा, कड़क वाली." मला कुणी शिकवलं नव्हतं, आप्पा. पहिल्या दिवशी हात आपोआप जागेवर गेले. डावा हनुवटीखाली, उजवा मागं. मला अंगठा कुठं ठेवायचा याचा विचारही करावा लागला नाही, तो तिथं आधीच होता. मला वाटलं, आलं रक्तातून. खूश होतो. मग एकदा एका पोरानं डोळे उघडून आरशातून विचारलं, "भैया, क्या बोला आपने?" मी म्हटलं, कुछ नहीं. तो म्हणाला, "नहीं, आपने कुछ बोला, सोड सोड जैसा." मी बोललो नव्हतो. म्हणजे मला तरी माझं तोंड हललेलं आठवत नाही. शेजारच्या खुर्चीवाल्यानंही ऐकलं होतं. म्हणाला, आवाज किसी और का था.

रविवारी मी आर. के. पुरमला एका आजोबांकडं जातो. मुलाचं सरकारी क्वार्टर आहे, आजोबा त्याच्याकडं राहतात. मूळचे पुण्याकडचे, मराठी बोलणारा न्हावी मिळाला म्हणून मला सोडायलाच तयार नाहीत. केस डोक्यावर चार, पण महिन्यातनं दोनदा बोलावतात, चहा पाजतात, गावाकडं पाऊसपाणी काय विचारतात. त्यांच्या हाताची बोटं संधिवातानं एका बाजूला कलली आहेत, कप दोन्ही तळव्यांनी धरावा लागतो. थंडीत गॅलरीत उन्हाला खुर्ची टाकली होती. डोकं चोळून झालं तर म्हणाले, "लेका, मान मोड की. आमच्या लहानपणी न्हावी मोडायचा." मी म्हटलं, राहू द्या आजोबा. म्हणाले, "घाबरतोस? पेन्शनीचा माणूस आहे, बाद झाला तर सरकारचा फायदा." मी हसलो आणि हात लावले. डोलवायला लागलो. त्यांनी मान सोडली, इतकी पटकन सोडली की मला बरं वाटलं नाही. आणि डोकं सरकलं. फिरलं नाही, वाकलं नाही, नुसतं पुढं सरकलं, थोडंसंच, ड्रॉवर सरकतो तसं, आणि मी घाबरून मागं घेतलं तसं आत कुठं तरी खट्ट करून परत बसलं. आजोबा म्हणाले, "हाताला मुंग्या आल्या रे." त्याच वेळी मागून त्यांची नात ओरडली, "छोडो! हात काढ, हात काढ आधी! नहीं, धरून ठेव, धरून ठेव!"

ही नात फिजिओथेरपी शिकते. मराठी बोलते, पण अर्ध्यात शब्द सापडत नाही. आजोबांना हॉस्पिटलात नेलं, फोटो काढले, गळ्याला पट्टा लावून आणलं. पुढच्या रविवारी मी दारात उभा, आत जावं का नको म्हणून. तिनंच बोलावलं. "ये ना दादा. तुझी चूक नाही. तू झटका दिला असतास तर झाली असती." मग अभ्यासाचं प्लास्टिकचं मानेचं हाडुक आणून टेबलावर ठेवलं. कवटी आणि खाली सात मणके. आजोबा गळ्यातल्या पट्ट्यामुळं मान न वळवता नुसते डोळे वळवून बघत होते. म्हणाले, "दाखव त्याला. माझा बिघाड कुठं आहे दाखव."

आप्पा, सगळ्यात वरचा मणका म्हणजे नुसतं कडं आहे. मधे काही नाही, बांगडीसारखा. त्याच्यावर डोकं बसलेलं. माणूस हो म्हणतो तेव्हा डोकं त्या कड्यावर झुलतं. आणि दुसऱ्या मणक्यातून एक हाडाची खुंटी वर आलीय, ती कड्यात शिरलेली. माणूस नाही म्हणतो तेव्हा डोकं आणि कडं दोन्ही मिळून त्या खुंटीभोवती फिरतात. मी म्हटलं, "हे तर जातं आहे ताई. खालच्या तळीला खुंटा, वरचा दगड त्याच्यावर फिरतो." तिला जातं माहीत नव्हतं. आजोबा म्हणाले, "चक्की गं, हाताची." तिला ते इतकं आवडलं की म्हणाली, हे मी परीक्षेत लिहिणार. पण जात्यात खुंटा घट्ट ठोकलेला असतो. इथं त्याला जागेवर धरतो तो एक आडवा पट्टा, खुंटीच्या मागून, कड्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. ती त्याला लिगामेंट म्हणते. शिवाय खुंटीच्या टोकापासून कवटीला गेलेल्या दोन आखूड दोऱ्या, डोकं वाजवीपेक्षा जास्त फिरू नये म्हणून. खालचे मणके कौलांसारखे एकावर एक रेललेले, त्यांच्या सांध्यासांध्याला अशाच चिवट पट्ट्या. तुमचा कट्ट आवाज येतो तो त्या सांध्यांतल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो म्हणून. वात बित काही जात नाही. मला वाईट वाटलं तुमच्यासाठी.

त्या आडव्या पट्ट्याच्या लगेच मागं सगळा जीव आहे. मेंदूतून पाठीत उतरणारी दोरी तिथूनच जाते, श्वास तिथूनच चालतो. संधिवात बोटांना खातो तसा आजोबांचा तो पट्टा खात होता. तिनं मला दाखवायला मॉडेलमधला लाल रबरी पट्टा काढला. काढला फक्त, कवटीला हात लावला नाही. आणि ती कवटी आपली आपण पुढं आली, हळूच, कुणी काही सांगतंय ते ऐकायला वाकावं तशी. खुंटी मागं गेली, जीव जायच्या वाटेत. मग तिनं आणखी सांगितलं. हाडं पट्ट्यांनी धरलेली असतात, आणि पट्टे कमी पडले तर वरून स्नायू धरतात. मार बसल्यावर मान आखडते ती स्नायूंनी राखण धरलेली असते. "तू सोड सोड बोलतोस ना, तो तू राखणदाराला घरी पाठवतोस." आणि मग सहज, पट्टा परत अडकवता अडकवता म्हणाली, "आम्हाला सरांनी पहिल्याच वर्षी सांगितलं. पडलेला माणूस स्वतःचं डोकं स्वतःच्या हातात धरून आला, तो समझो पट्टा गेलाय किंवा खुंटी मोडलीय. त्याचे हात काढायचे नाहीत."

मी उठून गॅलरीत गेलो. खाली स्कूटर उभ्या होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती. ती मागून आली. असा माणूस झटक्यानंच गेला असेल का, मी तिला विचारलं, माझं नाव न लावता, गावातला एक माणूस म्हणून. ती हुशार आहे, तिला कळलं असणार. म्हणाली, "बघितल्याशिवाय कोण सांगणार? नुसतं शिंकला असता तरी गेला असता कदाचित." मी म्हटलं, आणि नसता शिंकला तर? डोकं बांधून, फळीवर झोपवून नेला असता तर? ती खाली बघून म्हणाली, "लोक वाचतात, दादा."

तेव्हापासून मला माणसं नीट दिसत नाहीत. बसमध्ये ड्रायव्हर ब्रेक मारतो, पुढची सगळी डोकी एकदम पुढं जातात आणि एकदम मागं येतात, आणि मी मोजल्यासारखा बघत राहतो, सगळी परत आली का. सगळी नुसती ठेवलेली आहेत, आप्पा. एका पट्टीवर. आणि लोक त्याच डोक्यानं हसतात, भांडतात, फोन कानाला धरून मान वाकडी करून भाव करतात. मालकाला सांगून टाकलं, मी झटका देणार नाही. तो म्हणाला, "मराठे, डर गया?" म्हटलं हो. हात मात्र अजून जातात. केस झाडता झाडता डावा हात हनुवटीखाली गेलेला असतो, मी बोलावलेला नसताना. मग मी तो उजव्या हातानं धरून परत आणतो.

इथं मंगळवारी सलून बंद. गावात सोमवारी असतं, त्यामुळे मला अजून मंगळवार दुसऱ्याच्या घरचा वाटतो. परवा गच्चीवर बसून तात्यांना फोन लावला. भांडायचं ठरवूनच. म्हणणार होतो, तुम्ही मारलंत त्यांना, आणि वर मला थोबाडीत दिलीत. त्यांनी उचलला. "काय रे, दिल्ली संपली का?" मागं दुकानातल्या रेडिओवर बाजारभाव चालले होते. मी एकदम विचारलं, "तात्या, मान मोडता का तुम्ही गिऱ्हाइकाची?" बराच वेळ नुसता कांद्याचा भाव ऐकू येत होता. मग म्हणाले, "नाही." म्हटलं, कधीपासून? "तुला माहिताय कधीपासून."

मग रेडिओ बंद केला त्यांनी. म्हणाले, "आवाज नाही आला रे. पण हाताला लागलं. आत काही तरी सरकलं, ओल्या साबणाची वडी सरकते तसं. अजून लागतं. गिऱ्हाइकाचं डोकं पुसताना लागतं. तू त्या दिवशी त्या पोराचं डोकं धरलंस ना, मला इथं खुर्चीवरून माझ्या हाताला लागलं." भांडायचं राहूनच गेलं. मग तेच म्हणाले, अगदी हळू, "तिकडं शिकलेली माणसं येतात ना तुझ्या खुर्चीत? विचार की एकदा कुणाला. तो पडला तेव्हाच गेला असंल ना?"

मी म्हटलं, "विचारलंय. पडले तेव्हाच गेले होते म्हणतात. बसले होते ते नुसते बसले होते."

"पण पाणी मागितलं की त्यानं."

"मागतात म्हणे, तात्या. गेलेली माणसं पण थोडा वेळ मागतात."

"असं असतं होय," म्हणाले. नाक ओढलं. मग म्हणाले, "तुझा आवाज पार दादासारखा झालाय. मला वाटलं तोच सांगतोय." फोन ठेवल्यावर मी गच्चीवर एकटा होतो आणि मला स्वतःशी मोठ्यानं बोलून बघायची भीती वाटली.

म्हणजे आता तुम्हाला झाडाखालीच मारून टाकलं मी, ओट्यावर बसलेले, शेळीची चौकशी करणारे तुम्ही तुम्ही नव्हताच असं सांगून. मग माझ्याकडं बघून "पोराला" म्हणालं ते कोण? ते मला सोडून द्यावं लागलं. तात्यांना झोप लागावी म्हणून माझा तेवढा शब्द गेला. तुम्ही असतात तरी तुम्ही हेच सांगितलं असतंत त्यांना, असं मी धरून चालतो. रागावला असाल तर रागवा, सुरुवात तुम्हीच केली होती.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही. गावच्या पत्त्यावर टाकलं तर तात्यांना अक्षर लागत नाही, कुणाला तरी वाचायला बसवतील, आणि केलेलं सगळं वाया जाईल. आणखी एक. इतकी वर्षं पैसे मी आईच्या नावावर पाठवत आलो, तात्यांना कधी एक रुपया नाही. ती थोबाडीत मनात धरून ठेवली होती, मोठा झालो तरी. उद्या पहिल्यांदा त्यांच्या खात्यावर टाकतोय. कशाचे म्हणून विचारलं तर सांगेन, खुर्चीला मागं डोकं टेकायला उशी करून घ्या. अडीच हजार रुपये.